पासपोर्ट हरवला किंवा चोरीला गेला तर काय करावे: तक्रार, कागदपत्रे, शुल्क आणि गैरवापराचा धोका

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० विमान बेपत्ता झाले. प्रवाशांची यादी तपासली तेव्हा कळले की एका इटालियन आणि एका ऑस्ट्रियन नागरिकाच्या पासपोर्टवर भलतीच दोन माणसे विमानात बसली होती. दोन्ही पासपोर्ट थायलंडमध्ये चोरीला गेलेले होते. मालकांनी तक्रारी केल्या होत्या आणि इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेच्या यादीत नोंदही झाली होती, पण विमानात बसण्याआधी ती यादी कोणी पाहिली नाही. ती माणसे युरोपात आश्रय शोधणारे इराणी तरुण निघाले, घातपाताशी त्यांचा संबंध आढळला नाही. तरीही चोरीच्या पासपोर्टवर माणूस आंतरराष्ट्रीय विमानात सहज बसू शकतो, हे त्या दिवशी साऱ्या जगाला दिसले.

या प्रकरणात मालकांनी आपले काम केले होते, यंत्रणा कमी पडली. आपल्याकडे अडचण बहुतेक वेळा उलट असते. पासपोर्ट हरवतो, लगेच कुठे जायचे नसते, म्हणून लोक वर्ष-दोन वर्षे गप्प बसतात आणि पुढचे तिकीट काढायची वेळ आली की धावपळ सुरू करतात. मधल्या काळात ती पुस्तिका सरकारच्या नोंदीत चालू आणि वैध असते. ज्याची नोंदच नाही, ते कोणत्याही काउंटरवर पकडले जाणार नाही. म्हणून प्रवास ठरलेला असो वा नसो, पुढची प्रक्रिया लगेच करा.

हरवलेल्या पासपोर्टला मागणी का असते

पूर्ण बनावट पासपोर्ट छापणे आता अवघड आहे. माहितीच्या पानाच्या तळाशी प्रत्येकी ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. त्यांत पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्यासोबत गणिताने काढलेले पडताळणीचे आकडे असतात. एक अंक बदलला तरी यंत्राला विसंगती कळते. २४ नोव्हेंबर २०१५ नंतर हाताने लिहिलेले पासपोर्ट आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी बाद झाले, त्यामुळे चिकटवलेला फोटो काढून दुसरा लावण्याचा जुना धंदाही मंदावला. २०२४ पासून भारतात ई-पासपोर्ट टप्प्याटप्प्याने सुरू झाले. त्यातल्या चिपमधील माहितीवर सरकारची डिजिटल स्वाक्षरी असते आणि त्या माहितीशी छेडछाड झाली तर ती पडताळणीत उघडी पडते.

त्यामुळे गुन्हेगारांना खरी पुस्तिकाच हवी असते. ती दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग म्हणजे चोरलेला किंवा विकत घेतलेला पासपोर्ट, जो मालकासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या हाती दिला जातो. अशा पासपोर्टमध्ये काहीच खोटे नसते, फक्त समोर उभा असलेला माणूस वेगळा असतो. दुसरा मार्ग त्याहून घातक आहे: बोगस कागदपत्रे देऊन पासपोर्ट कार्यालयाकडूनच खऱ्या कागदावर खोटी ओळख मिळवायची. गुंड छोटा राजन २०१५ मध्ये इंडोनेशियातील बाली येथे पकडला गेला, तेव्हा त्याच्याजवळ मोहन कुमार या नावाचा भारतीय पासपोर्ट होता. तो बंगळूरच्या कार्यालयातून निघालेला होता. २०१७ मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने त्याला आणि पासपोर्ट कार्यालयातील तीन माजी कर्मचाऱ्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली. अर्जासोबत एवढी कागदपत्रे आणि पोलीस पडताळणी का मागतात, याचे उत्तर या एका प्रकरणात आहे. रांगेत उभे राहून वैतागणाऱ्या प्रत्येकाने ते जाणून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

पहिले काम: पोलीस ठाणे

जिथे पासपोर्ट गेला त्या हद्दीतल्या, किंवा ते नक्की सांगता येत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. अर्जात पासपोर्ट क्रमांक, तो दिल्याची तारीख आणि ठिकाण, तो शेवटचा कधी पाहिला आणि गहाळ झाल्याचे कधी लक्षात आले, हे स्पष्ट लिहा. क्रमांक आठवत नसेल तर जुनी झेरॉक्स, जुने व्हिसाचे अर्ज किंवा विमान तिकिटांचे ईमेल शोधा. बहुतेकांना तो तिथे सापडतो.

चोरी झाली असेल तर चोरीच म्हणा. "साहेब, गहाळ लिहा, लवकर होईल" हा सल्ला ठाण्याबाहेर हमखास मिळतो आणि लोक तो ऐकतात. पण बॅग हिसकावून नेलेला पासपोर्ट आणि रिक्षात राहिलेला पासपोर्ट यांचे पुढचे प्रवास वेगळे असतात, आणि तपासाला हा फरक उपयोगी पडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. काही शहरांत गहाळ वस्तूंची ऑनलाइन नोंद करता येते. पासपोर्टच्या बाबतीत मात्र ठाण्यात जाऊन सही-शिक्क्याची मूळ प्रत घ्यावी, कारण अर्जाच्या वेळी मूळ अहवाल मागतात.

पोलिसांत नोंद झाली म्हणजे पासपोर्ट रद्द झाला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. पासपोर्ट रद्द करण्याचा अधिकार पासपोर्ट कार्यालयाचा आहे, म्हणून त्यांनाही स्वतंत्रपणे लेखी कळवा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालये आहेत. हरवलेल्या पुस्तिकेत दुसऱ्या देशाचा चालू व्हिसा असेल तर त्या देशाच्या दूतावासालाही कळवणे आवश्यक आहे. तो व्हिसाही कुणीतरी वापरू शकतो.

अर्ज कोण करू शकतो

ज्या भारतीय नागरिकाच्या नावे पासपोर्ट होता, तो स्वतः. मुलाचा पासपोर्ट हरवला असेल तर पालक अर्ज करतात आणि परिशिष्ट डी मधील घोषणापत्र जोडतात. फौजदारी खटला प्रलंबित असेल तर संबंधित न्यायालयाची परवानगी लागते. ती माहिती लपवू नका, कारण लपवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो. सरकारी कर्मचाऱ्यांनी परिशिष्ट एच नुसार कार्यालयाला दिलेली पूर्वसूचना किंवा परिशिष्ट जी नुसार ना-हरकत प्रमाणपत्र जोडायचे असते.

कागदपत्रे

मूळ पोलीस अहवाल, सध्याच्या पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि परिशिष्ट एफ हे मुख्य कागद आहेत. जुन्या पासपोर्टच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स असेल तर स्वतःच्या सहीने साक्षांकित करून जोडावी. नसेल तरी अर्ज करता येतो, पण झेरॉक्स असली की काम बरेच सोपे होते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म प्रमाणपत्र चालते. त्याआधी जन्मलेल्यांसाठी शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना असे पर्यायही आहेत.

परिशिष्ट एफ म्हणजे पासपोर्ट कसा आणि कुठे हरवला, पोलिसांत कधी कळवले आणि याआधी कधी पासपोर्ट हरवला होता का, याचे घोषणापत्र. ते साध्या कागदावर लिहून सही केली की पुरते. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सुटसुटीत झाले, तेव्हापासून अशा परिशिष्टांसाठी स्टॅम्प पेपर आणि नोटरी लागत नाही. तरीही केंद्राच्या आसपास यासाठी पैसे उकळणारे भेटतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. लिहिताना मात्र काळजी घ्या, कारण त्या कागदावर तुम्ही कायदेशीर जबाबदारी घेत असता. पूर्वीही पासपोर्ट हरवला असेल तर तसे लिहा. कार्यालयाकडे जुनी नोंद असतेच, आणि वारंवार पासपोर्ट "हरवणारा" अर्जदार ते विकत तर नाही ना, ही शंका तपासणे त्यांचे कामच आहे.

ऑनलाइन अर्ज आणि शुल्क

पासपोर्ट सेवा संकेतस्थळाचा पत्ता पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन असा आहे. एमपासपोर्ट सेवा या ॲपवरूनही अर्ज करता येतो. मिळत्याजुळत्या नावांची खोटी संकेतस्थळे चालवली जातात आणि तिथे शुल्कासोबत तुमची जन्मतारीख, पत्ता, आधार अशी सगळी माहितीही जाते. तीच माहिती बोगस अर्जांसाठी वापरता येते. पत्त्याच्या शेवटी सरकारी नाव आहे का, हे पाहिल्याशिवाय काहीही भरू नका.

खाते उघडून "री-इश्यू" हा पर्याय निवडा. पासपोर्ट हरवला तरी अर्ज याच प्रकारात मोडतो, नव्या पासपोर्टचा अर्ज भरायचा नाही. पूर्वी पासपोर्ट नव्हताच असे दाखवून नवा अर्ज करणे म्हणजे खोटी माहिती देणे, आणि काही एजंट नेमके हेच सुचवतात. कारण म्हणून हरवलेला पासपोर्ट निवडा, जुना क्रमांक व तक्रारीचा तपशील भरा, शुल्क ऑनलाइन भरा आणि भेटीची वेळ घ्या. प्रौढांसाठी ३६ पानांच्या पुस्तिकेला ३,००० रुपये आणि ६० पानांच्या पुस्तिकेला ३,५०० रुपये लागतात. नेहमीच्या नूतनीकरणाला हेच शुल्क अनुक्रमे १,५०० आणि २,००० रुपये आहे.

ठरलेल्या दिवशी पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्ट ऑफिसमधील केंद्रात मूळ कागद घेऊन जा. सेवा केंद्रात ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात. बी काउंटरवर अधिकारी कागद तपासतो आणि सी काउंटरवर निर्णय होतो. पोलीस पडताळणी लागली तर ठाण्यातून बोलावणे येते किंवा पोलीस घरी येतात. अर्जदाराचे नागरिकत्व आणि त्याच्यावरील गुन्ह्यांच्या नोंदी तपासणे हा तिचा मुख्य उद्देश, तरीही भाड्याने राहणाऱ्यांनी जुन्या गावचा पत्ता देऊन वेळ मारून नेऊ नये. अर्जाची स्थिती १८००-२५८-१८०० या क्रमांकावर विचारता येते.

परदेशात हरवला तर

तिथल्या पोलिसांत तक्रार करून अहवाल घ्या आणि भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठा. मुक्काम लांब असेल तर तिथेच नव्या पासपोर्टचा अर्ज करता येतो. लगेच परतायचे असेल तर आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते, ज्याला सगळे ईसी म्हणतात. ते भारतात येण्याच्या एकाच प्रवासासाठी असते, त्यावर तिसऱ्या देशात जाता येत नाही. परतल्यावर इथे री-इश्यूचा अर्ज करायचा.

एजंट, मालक आणि कायदा

पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १७ नुसार पासपोर्ट केंद्र सरकारची मालमत्ता असतो. तो गहाण टाकणे, एजंटकडे "सांभाळायला" देणे किंवा नोकरीच्या ठिकाणी मालकाने काढून घेणे यातले काहीही योग्य नाही. परदेशी नोकरीच्या आमिषाने गोळा केलेल्या पासपोर्टांमधूनच बनावटगिरीला कच्चा माल मिळतो. व्हिसासाठी द्यावाच लागला तर तारखेसह लेखी पोच घ्या.

कलम १२ नुसार खोटी माहिती देणे, नोंदी खाडाखोड करून बदलणे, दुसऱ्याचा पासपोर्ट वापरणे आणि आपला दुसऱ्याला जाणूनबुजून वापरू देणे या सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. भाऊ दिसतो माझ्यासारखा, एकदाच जाऊन येईल, ही सबब इथे चालत नाही. नागरिक नसताना राष्ट्रीयत्व लपवून भारतीय पासपोर्ट मिळवणाऱ्याला एक ते पाच वर्षे कैद आहे. देशात येण्यासाठी, राहण्यासाठी किंवा बाहेर पडण्यासाठी बनावट पासपोर्ट जाणूनबुजून वापरणे किंवा पुरवणे यासाठी २०२५ च्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यात दोन ते सात वर्षे कैद आणि एक ते दहा लाख रुपये दंड ठेवला आहे. शिवाय कागदपत्रांच्या बनावटगिरीबद्दल भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात ती वेगळी.

जुना पासपोर्ट नंतर सापडला तर

हे बऱ्याचदा घडते. कपाटाच्या मागे, जुन्या सुटकेसच्या कप्प्यात पुस्तिका मिळते आणि मुदत शिल्लक दिसते. एकदा तक्रार झाली आणि तो रद्द झाला की त्यावर प्रवास करू नका. इंटरपोलच्या यादीत गेलेला क्रमांक परदेशातल्या काउंटरवर लाल झेंडा दाखवतो आणि तिथला अधिकारी तुमच्याकडे चोरीचा पासपोर्ट बाळगणारा म्हणूनच पाहील. सापडलेली पुस्तिका पासपोर्ट कार्यालयात जमा करा, ज्या ठाण्यात तक्रार दिली होती तिथेही लेखी कळवा आणि दोन्ही ठिकाणची पोच नव्या पासपोर्टच्या कागदांसोबत ठेवा.