बंद पडलेल्या विमान कंपन्यांच्या वस्तू: ओळख, जपणूक आणि देवाणघेवाण
(दांडिया बाजार, बडोदा येथील आमच्या स्कॅनिंग व फ्रेमिंगच्या ग्राहकांसाठी)

इंडियन एअरलाइन्सची खांद्याला लावायची बॅग, जेटचा बोर्डिंग पास, दमानियाचे टाइमटेबल, आईच्या किंवा मावशीच्या नोकरीतला बिल्ला: अशा वस्तू आमच्या काउंटरवर येतात तेव्हा त्यांचे नुकसान बहुतेक वेळा आधीच झालेले असते, आणि तेही प्रेमाने. कुणी कागद लॅमिनेट केलेला असतो, कुणी पितळ घासून लख्ख केलेले असते. म्हणून पहिली विनंती ही की वस्तू आहे तशी राहू द्या, आधी तिची नोंद करा. पुसणे आणि चिकटवणे नंतर पाहू.

कुठली कंपनी, कुठला काळ

1 ऑगस्ट 1953 रोजी आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन झाले. त्यामुळे डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, एअरवेज इंडिया, हिमालयन एव्हिएशन ही नावे छापलेला कागद त्याआधीचा असतो. असा कागद घरात सापडला तर घडीसुद्धा उलगडू नका, तसाच आणा. इंडियन एअरलाइन्सचे बोधचिन्ह अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) तयार झाले होते. डिसेंबर 2005 मध्ये कंपनीने नुसते ‘इंडियन’ असे नाव घेतले आणि 2007 मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली. म्हणून ‘इंडियन’ एवढेच छापलेल्या वस्तू थोड्याच वर्षांच्या आहेत. लोक त्यांना नवीन समजून टाकून देतात. आमच्या मते पुढे त्याच जास्त शोधल्या जातील.

नव्वदच्या दशकातल्या ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त यांचे आयुष्य तोकडे होते, त्यामुळे त्यांचा कागदही कमी. सहाराच्या वस्तू पाहताना लक्षात ठेवा की सहारा एअरलाइन्सची पुढे एअर सहारा झाली आणि 2007 मध्ये जेटलाइट. नावावरूनच काळ कळतो. जेट एअरवेजची उड्डाणे 5 मे 1993 ते 17 एप्रिल 2019 अशी झाली. किंगफिशर 2005 ते 2012 या काळात चालली, गो फर्स्टची विमाने मे 2023 मध्ये थांबली आणि विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात मिसळली. जेट आणि विस्ताराचे सामान घरोघरी आहे. त्याला आज मोठा भाव नाही, आणि कुणी तसे सांगून तुमच्या गळ्यात मारत असेल तर घाई करू नका.

तिकिटावरचा तेरा आकडी क्रमांक पाहा. त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: इंडियन एअरलाइन्स 058, जेट 589, किंगफिशर 090, विस्तारा 228. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची कागदी तिकिटे मे 2008 अखेर बंद झाली. त्यानंतरचे घरी छापलेले ई-तिकीट म्हणजे आपल्याच प्रिंटरची छपाई. प्रवासाचा पुरावा म्हणून ते ठेवा, पण कंपनीची वस्तू म्हणून त्याची गणना होत नाही.

बोर्डिंग पासची खरी अडचण अशी की त्यावर तारीख आणि महिना असतो, वर्ष बहुधा नसतेच. बारकोडमध्येही वर्षातला कितवा दिवस एवढेच नोंदलेले असते. आठवण ताजी आहे तोवर वर्ष लिहून ठेवा, पण पासवर नव्हे. वेगळ्या आम्लरहित चिठ्ठीवर, शिसपेन्सिलीने, आणि ते कशावरून ठरवले तेही (पासपोर्टवरचा शिक्का, हॉटेलचे बिल, लग्नपत्रिका).

तारीख नसलेल्या माहितीपत्रकाचा काळ पत्त्यावरून काढता येतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. बॉम्बेचे मुंबई 1995 मध्ये झाले, मद्रासचे चेन्नई 1996 मध्ये, कलकत्त्याचे कोलकाता 2001 मध्ये. मात्र जुना साठा संपेपर्यंत कंपन्या तोच वापरत, तेव्हा दोन-तीन वर्षे इकडेतिकडे धरावीत. लगेज टॅगवरच्या तीन अक्षरांवर विसंबू नका. बडोद्याचा कोड आजही बीडीक्यू आणि मुंबईचा बीओएमच आहे.

कागद, आणि त्याचे शत्रू

गेल्या पंचवीसेक वर्षांतले बरेचसे बोर्डिंग पास आणि चिकटणारे लगेज टॅग थर्मल कागदावर आहेत. त्यावर शाई नसते. उष्णतेने कागदातली रसायने एकत्र येऊन अक्षर काळे होते. साधारण 70 अंशांपासून अख्खा कागदच काळा पडू लागतो, म्हणून लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून पास निघाला की संपला. उलट तेलकट हात, सॅनिटायझर, अत्तर आणि पीव्हीसीची पाकिटे यांनी अक्षर उडून जाते. हे सगळे टाळले तरी थर्मल छपाई हळूहळू फिकी होणारच, त्यामुळे असे पास आधी स्कॅन करा आणि मग अंधारात, साध्या कागदी पाकिटात ठेवा. उडालेली अक्षरे परत आणून देतो असे सांगणाऱ्याला मूळ पास देऊ नका. स्कॅनवर रंग-छटा फिरवून काही वेळा ती वाचता येतात, मूळ कागदावर काही करावे लागत नाही.

त्याआधीच्या पुस्तकासारख्या तिकिटांच्या पानामागे लाल कार्बनचा थर असे. तो अजूनही सुटतो. प्रत्येक दोन पानांमध्ये पातळ आम्लरहित कागद घाला आणि वर वजन ठेवू नका. दाबाने कार्बन पुढच्या पानावर उमटतो आणि तो खोडरबराने निघत नाही.

स्टेपल काढताना चिमटा वापरला की कागद फाटतो. पान उलटे करून बोथट, पातळ पट्टीने मागचे दोन पाय उभे करा आणि पुढून पिन अलगद ओढून घ्या. गंजाचा डाग तसाच राहू द्या. सेलोटेप, डिंकाची पट्टी, फेव्हिकॉल यांपैकी काहीही नको. टेपचा चिकटपणा काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो.

पाकिटे पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घ्या. मऊ, चिकटसर आणि नव्या रेक्झिनसारखा वास येणारी अल्बमची पाने बहुधा पीव्हीसीची असतात. त्यातला मऊ ठेवणारा घटक बाहेर येतो आणि छपाईची शाई उचलतो. खात्री हवी असेल तर गॅलरीत, मोकळ्या हवेत, चिमट्यात धरलेली तांब्याची तार तापवा, नको असलेल्या तुकड्याला लावा आणि पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर पीव्हीसी.

बडोद्याच्या पावसाळ्यात घरातली आर्द्रता आठवडेच्या आठवडे 65 टक्क्यांच्या वर राहते, आणि बुरशीला तेवढेच हवे असते. आपल्याला 45 ते 55 टक्के हवी. आम्ही 20 लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात 200 ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवायला सांगतो. जेल नारिंगी रंगाचे घ्या, निळ्यात कोबाल्ट असते. नारिंगी दाणे गडद हिरवे झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास तापवून, थंड करून परत वापरा. डबा मात्र कोरड्या दिवशी भरा. ओला कागद बंद केला तर जेल ओलच पीत बसते. डांबराच्या गोळ्या कागदाच्या डब्यात नकोत, प्लास्टिकच्या मॉडेलजवळ तर मुळीच नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात. कसर किंवा वाळवीची शंका आली तर वस्तू पॉलिथिनमध्ये हवाबंद करून दोन आठवडे उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर आतल्या वस्तूला घाम सुटतो.

विश्वामित्री नदीचे पाणी घरात शिरले तर

2019 आणि 2024 या दोन्ही वर्षी ते शिरले, त्यामुळे ही शक्यता गृहीत धरूनच मांडणी करा: तळमजल्यावर संग्रह नको, आणि ठेवावाच लागला तर सर्वात वरच्या फळीवर.

भिजलेल्या कागदाला हाताशी 48 तास असतात, त्यानंतर बुरशी. भिजून चिकटलेला गठ्ठा ओढून सुटा करू नका. चिखल असेल तर स्वच्छ पाण्याच्या ट्रेमध्ये गठ्ठा आडवा बुडवून हलवा, चोळू नका. हाताने शाईत लिहिलेले, रबरी शिक्क्याचे आणि इंकजेटचे कागद यातून वगळा, त्यांची शाई वाहते.

सर्वात आधी गुळगुळीत चकचकीत कागद हाताळा: इन-फ्लाइट मासिके, विमानांच्या चित्रांची माहितीपत्रके, काही सेफ्टी कार्डे. त्यांवरचा चिकणमातीचा लेप वाळताना पान पानाला असे धरतो की नंतर कुणालाही सुटे करता येत नाही. ओले आहे तोवरच प्रत्येक पानात बटरपेपर घाला. जमत नसेल तर गठ्ठा झिपच्या पिशवीत, आडवा, थेट फ्रीझरमध्ये ठेवा. गोठवल्याने वेळ मिळतो. आम्ही थोडे थोडे वितळवून सुकवतो.

बाकी कागद टीपकागदावर पसरा, दर दोन-तीन तासांनी टीपकागद बदला, आणि पंखा खोलीत फिरू द्या, कागदावर रोखू नका. छापील वर्तमानपत्र खाली घालू नका, बातमी तिकिटावर उमटते. ऊन, इस्त्री आणि हेअर ड्रायर तिन्ही वर्ज्य.

धातू, कपबशी, कापड, मॉडेल

चमच्यावर ‘ईपीएनएस’ असा शिक्का असेल तर चांदीचा थर अगदी पातळ आहे. पॉलिशने घासल्यावर तो जातो आणि खालचा पिवळसर धातू दिसतो. खडूची बारीक भुकटी डिस्टिल्ड पाण्यात कालवून कापसाने हलके पुसा, तेही वर्षातून एकदा फार झाले. चमच्यांना रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने काळी रेघ उठते. मीनाकारीच्या बिल्ल्यांना पाणीच नको, ते भेगेतून आत जाऊन खालचा धातू गंजवते. कपबशीवरची सोनेरी कड आणि बोधचिन्ह अनेकदा चकाकीच्या थरावर छापलेले असते, त्यामुळे काथ्या, राख आणि मायक्रोवेव्ह यांपासून दूर ठेवा.

हवाई सुंदरीची साडी हँगरवर टांगू नका. धुऊन पूर्ण वाळवलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळा, घड्यांमध्ये आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या ठेवा आणि दर तीन महिन्यांनी घडी बदला. घडीवरच रेशीम चिरते. गणवेशावरची नावाची पट्टी आणि शिंप्याचे लेबल काढू नका.

ट्रॅव्हल एजंटच्या टेबलावरच्या मॉडेलचे प्रमाण मोजून पाहा. 1:200 चे एअरबस ए-320 सुमारे 18.8 सेंटिमीटर लांब भरते, ए-300 सुमारे 26.8. लांबी जुळत नसेल तर दुसऱ्याच मॉडेलवर नवा रंग चढवला आहे का ते तपासा.

हे आमच्याकडे आणू नका

विमानात मिळालेल्या मद्याच्या भरलेल्या छोट्या बाटल्या. गुजरातेत दारूबंदी आहे आणि ‘संग्रहासाठी’ हे कारण परवान्याच्या जागी चालत नाही. रिकामी बाटली चालेल. लाइफ जॅकेटही नको: त्यात दाबाखालच्या वायूची नळकांडी असते, ते कुरियरने पाठवता येत नाही, आणि मुळात ते प्रवाशाला दिलेलेच नसते. विमानतळाच्या आत जाण्याचे ओळखपत्र परत करायचे असते. घरात राहिले असेल तर त्याचे छायाचित्रही कुठे टाकू नका.

विकत घेताना

अहमदाबादची गुजरी, मुंबईचा चोरबाजार किंवा आपला पस्तीवाला, कुठेही दहापट भिंग आणि छोटी अतिनील टॉर्च सोबत असू द्या. 1930-40 च्या दशकातला म्हणून विकला जाणारा कागद टॉर्चखाली निळसर पांढरा चमकला तर संशय घ्या. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायने 1950 च्या सुमारास रुळली. ठशाने ठोकलेल्या बिल्ल्याच्या कडा तीक्ष्ण असतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या पाठीवर बारीक छिद्रे दिसतात आणि अक्षरांच्या कडा गोलसर. जुनी जाहिरातचित्रे म्हणून विकले जाणारे बरेच काही डिजिटल प्रिंट असते. सजावटीला घ्या, पण प्रिंटच्याच भावात.

इतरांना दाखवताना

तिकिटे आणि बोर्डिंग पास 600 डीपीआयवर, मोठे कागद 300 वर स्कॅन करा. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा, पाठवायला जेपेग. पातळ कागदामागे काळा कागद ठेवला की मागची छपाई दिसत नाही. दोन्ही बाजू स्कॅन करा, कोरी वाटली तरी. फाइलचे नाव ‘1994_दमानिया_टाइमटेबल_01’ अशा क्रमाने दिले की यादी आपोआप कालानुसार लागते.

पाठवण्याआधी प्रवाशाचे नाव, पीएनआर, तिकीट क्रमांक, सदस्य क्रमांक आणि बारकोड झाका. बारकोडमध्ये नाव आणि पीएनआर दोन्ही असतात, ते फोनने वाचता येतात. जुन्या कागदी तिकिटावर क्रेडिट कार्डाचा पूर्ण क्रमांकही सापडतो. फोनमधला मार्कर अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे दिसते. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तरी खालचा मजकूर कॉपी होतो. चित्रावर भरीव काळा चौकोन काढून ते नव्याने जेपेगमध्ये साठवा.

वस्तू तुमची असली तरी तिच्यावरच्या चित्राचा आणि बोधचिन्हाचा हक्क तुमचा होत नाही. कंपनी बंद झाली तरी तो कुणाकडे तरी असतो. स्कॅन अभ्यासाला देणे वेगळे आणि त्याचे मग किंवा टीशर्ट छापून विकणे वेगळे. दुसरे काम आम्ही करत नाही.

प्रदर्शनाला वस्तू देताना दोन्ही बाजूंचे फोटो, मोजमाप, आधीचे डाग आणि परतीची तारीख लिहून घेणाऱ्याची सही घ्या. कागद आणि कापडावर प्रकाश 50 लक्सच्या आत, सलग तीन महिन्यांहून जास्त नको. कपबशा पाच-प्लाय खोक्यात, खोक्यात खोके घालून पाठवा. बबलरॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा आणि आत आधी पातळ कागद गुंडाळा, नाहीतर गोल ठसे उमटतात.

आमच्याकडे येताना वस्तू कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये, न पुसता, न चिकटवता आणा. ती कुणाची आणि कुठून आली हे चार ओळींत लिहून आणलेत तर स्कॅनसोबत तीही नोंद आम्ही जोडून देतो.