फायबरग्लास शिडनौकेचे पुनर्रंगकाम

जुन्या फायबरग्लास नौकेचा मूळ जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत, रंगीत रेझिनचा थर) निस्तेज झाला, त्याला तडे गेले किंवा तळाच्या रंगाचे पोपडे निघू लागले की तिच्यावर नवा रंग चढवतात. हे करताना नौकेचा वेग टिकवणे बहुतांशी जलरेषेखालच्या, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या, भागावर अवलंबून असते. जलरेषेवरचा रंग कितीही चकाकला तरी वेगात फरक पडत नाही.

मंद वाऱ्यात, नौका हळू चालत असताना, पाण्याच्या एकूण विरोधात मोठा वाटा पृष्ठघर्षणाचा असतो. वेग वाढला की लाटा उठवण्यात जाणारी ऊर्जा भारी ठरते. त्यामुळे खडबडीत तळाची किंमत हलक्या वाऱ्यात प्रकर्षाने जाणवते. वर्षानुवर्षे एकावर एक चढलेले शेवाळरोधक रंगाचे थर वजन वाढवतात आणि तळ ओबडधोबड करतात. ते खरवडून काढणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम. त्यातील तांब्याची धूळ विषारी असल्याने घासकाम पाणी मारून आणि मुखपट्टी लावूनच करतात. घासण्याआधी पृष्ठभागावरचे मेण द्रावकाने पुसून काढावे लागते, नाहीतर ते ओरखड्यांत दाबले जाऊन नवा रंग धरत नाही.

त्यानंतर इपॉक्सीच्या लांबीने (पुट्टीने) खळगे भरून लांब, लवचिक फळीने घासतात; छोट्या ठोकळ्याने घासल्यास लाटांसारखे उंचसखल भाग उरतात. कील (नौकेच्या तळाखालचा उभा पंखासारखा भाग) आणि सुकाणू यांच्या पुढच्या कडांवर विशेष मेहनत घ्यावी, कारण तिथला खडबडीतपणा मागचा सगळा प्रवाह बिघडवतो. सुकाणूची मागची कड रंगाने जाड, गोल होऊ देऊ नये.

शेवाळरोधक रंग दोन जातींचे: हळूहळू झिजणारे आणि कठीण थराचे. कठीण थर ४०० ते ६०० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने ओला घासून गुळगुळीत करता येतो, म्हणून शर्यतीचे नाविक तो पसंत करतात. मात्र झिजणाऱ्या जुन्या रंगावर तो थेट लावल्यास सुटून येतो. शेवाळावर अत्यंत परिणामकारक असलेल्या ट्रायब्युटिलटिनयुक्त (कथिलाचे एक विषारी संयुग असलेल्या) रंगांवर २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली. तो २००८ मध्ये अमलात आला.

जलरेषेवरच्या भागाला दोन घटकांचे पॉलियुरेथेन रोलरने लावून लगेच ब्रशच्या टोकाने हलकेच सारखे करतात. सतत पाण्यात राहणाऱ्या भागावर मात्र या रंगाला फोड येतात. प्रत्येक फेरीनंतर पाण्याबाहेर काढल्या जाणाऱ्या छोट्या नौकांना शेवाळरोधक रंगाची गरजच नसते.