नख चिरलं म्हणजे कॅल्शियम कमी, हे खरं नाही

पऱ्हाटी वेचायला येणाऱ्या मावशींनी परवा वावरात अंगठा पुढे केला. नख कागदासारखं पातळ, त्यावर उभ्या रेघा, आणि मधोमध मागची कातडी पुढे सरकून खाली घट्ट चिकटलेली. "कॅल्शियम कमी हाये म्हणते, वर्षभर गोळ्या घेऊन राह्यली मी," त्या म्हणाल्या.

हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. नख केराटिन या प्रथिनाचं असतं, कॅल्शियम त्यात नाममात्र. नख जिथे तयार होतं ते मूळ कातडीखाली दडलेलं असतं. तिथे दाह होऊन व्रण पडला, की तेवढ्या जागेतून नख उगवतच नाही. याचं नेहमीचं कारण लायकेन प्लॅनस. यात शरीराची प्रतिकारशक्तीच नखाच्या मुळावर उलटते. कधी गालाच्या आतल्या बाजूला पांढरी जाळीही दिसते. बोट चेंगरणं, भाजणं, औषधाची तीव्र रिॲक्शन, क्वचित कुष्ठरोग, हीसुद्धा कारणं असतात.

घाई इथेच हवी. दाह चालू असताना त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइड देऊन मूळ वाचवू शकतात, व्रण पक्का झाल्यावर गेलेलं नख परत येत नाही. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं, म्हणून फरक दिसायला काही महिने धीर धरावा लागतो. असं नख बुरशीमुळे झालं समजून, बुरशीवरच्या गोळ्याही नख तपासल्याशिवाय सुरू करू नका.

मावशींच्या दुसऱ्या अंगठ्यावर आता कुठे रेघा उमटू लागल्यात. सोमवारी त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेतो आहे.