पेशीश्वसन

अन्नातील ग्लुकोजसारख्या रेणूंचे टप्प्याटप्प्याने विघटन करून त्यांतील ऊर्जा अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट म्हणजेच एटीपी या रेणूत बांधून ठेवण्याची पेशीतील प्रक्रिया. वेलीवरून खुडलेला द्राक्षमणी आणि शेतातून उपटलेला कांदाही जिवंत असतो, श्वसन करत असतो. नाशिक जिल्ह्यात म्हणूनच हा विषय शेतकऱ्याच्या थेट नफ्या-तोट्याचा आहे.

पहिला टप्पा पेशीद्रवात घडतो. दहा अभिक्रियांत ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू बनतात आणि निव्वळ २ एटीपी मिळतात. याला ऑक्सिजन लागत नाही. पुढचे काम तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकाँड्रिया या पेशीतील घटकात चालते. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि इलेक्ट्रॉन वाहक रेणूंकडे जातात. खरी कमाई त्यानंतरची. तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरील प्रथिने इलेक्ट्रॉन पुढे सरकवताना प्रोटॉन पटलापलीकडे ढकलतात. ते प्रोटॉन परत येताना, धरणाच्या पाण्यावर जनित्र फिरावे तसा एटीपी सिंथेज या विकराचा (एन्झाइमचा) एक भाग खरोखरच गरगर फिरतो व एटीपी तयार होतो. पीटर मिचेल यांची १९६१ ची ही कल्पना अनेक वर्षे वादात होती; १९७८ मध्ये तिला नोबेल मिळाले. एका ग्लुकोजमागे एकूण सुमारे ३० ते ३२ एटीपी हाती येतात, उरलेली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. १९२९ मध्ये एटीपी वेगळा करणाऱ्यांत कार्ल लोमान यांच्याबरोबरच सायरस फिस्के आणि भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचेही नाव आवर्जून घ्यायला हवे.

दिंडोरी, निफाड भागातल्या वायनरीत यीस्ट दुसरी वाट धरते. रसात साखर भरपूर असली की ते पायरुविक आम्लापासून इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते. ग्लुकोजमागे जेमतेम २ एटीपी मिळत असल्याने साखर भराभर संपते. टाकीत बुडबुडे उठतात, रस तापतो आणि टाकी थंड ठेवावी लागते.

उन्हाळ कांद्याचे श्वसन चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर कोठारात, महिनोन्‌महिने सुरू राहते. साठलेली साखर खर्च होते, पाणी व उष्णता बाहेर पडते. बाष्पीभवनाने वजनात होणाऱ्या घटीत ही घट मिसळते. चाळीचा तळ जमिनीपासून उंच आणि बाजू फटींच्या ठेवतात, त्या हवा खेळून ही ऊब व दमटपणा निघून जावा म्हणून. हवा कोंडली की कांदा सडतो. तापमान १० अंशांनी वाढले तर श्वसनाचा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. निर्यातीची द्राक्षे खुडल्यावर काही तासांतच प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायला नेतात आणि पुढे ० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात, ती श्वसन मंदावून मण्यांचा ताजेपणा व देठांचा हिरवेपणा टिकवण्यासाठीच.