ग्लॉस्टर कॅथेड्रल : शाळकरी मुलांना मठजीवनाची ओळख

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील ग्लॉस्टर शहराचे हे कॅथेड्रल, म्हणजे बिशपच्या अधिकारक्षेत्राचे मुख्य चर्च. हा दर्जा त्याला १५४१ मध्ये मिळाला. त्यापूर्वी सुमारे साडेचार शतके ही इमारत सेंट पीटरच्या बेनेडिक्टाइन मठाचे चर्च होती. मुलांना ती दाखवताना नेमका हाच क्रम निसटतो आणि ‘कॅथेड्रलमध्ये राहणारे साधू’ अशी चुकीची कल्पना मुलांच्या डोक्यात बसते. मठ होता तोवर येथे बिशप नव्हता, मठाधिपती होता. बिशप आला तेव्हा मठवासी निघून गेले होते. जुन्या गोव्यात हा फरक शेजारीशेजारी पाहता येतो. तेथे से कॅथेड्रल आर्चबिशपचे, तर त्याच परिसरातला सेंट फ्रान्सिसचा मठ फ्रान्सिस्कनांचा. त्यात आज पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे.

बहुतेक शाळा मुख्य दालनापासून सुरुवात करतात. सनावळ्या ऐकून मुले अर्ध्या तासात कंटाळतात आणि मठाचा चौक शेवटी घाईत उरकला जातो. क्रम उलटा ठेवावा. आधी चौक, मग सभागृह, मग गायकवृंदाची जागा, राजाची कबर आणि शेवटी मुख्य दालन. माणसे दिवसभर काय करत होती हे कळले, की एवढे मोठे चर्च त्यांना कशासाठी लागले, हे मुले स्वतःच विचारू लागतात.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेली ७३ प्रकरणांची नियमावली हा या मठाचा पाया. मध्यरात्रीनंतरची एक प्रार्थना आणि पहाटेपासून झोपेपर्यंतच्या सात, असा दिवस बांधलेला होता. आठवड्याभरात १५० स्तोत्रे पूर्ण व्हायची. मधल्या वेळात अंगमेहनत आणि वाचन. जेवणात रोज एक पौंड भाकरी, दोन शिजवलेले पदार्थ आणि थोडी वाइन. चतुष्पाद प्राण्यांचे मांस फक्त आजाऱ्यांना. जेवताना बोलायचे नाही, एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी हवे ते खुणेने मागायचे. शपथेबाबत हमखास गोंधळ होतो. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते मुलांना सांगितली जातात. बेनेडिक्टाइन मठवासी मात्र त्याच मठात आयुष्यभर राहण्याची, जीवन पालटण्याची आणि आज्ञापालनाची शपथ घेत. मालमत्ता आणि लग्न यांचा त्याग दुसऱ्या शपथेतच येतो.

चौक म्हणजे चौसोपी वाड्यासारखी रचना: मध्ये मोकळी हिरवळ, चारी बाजूंनी छत असलेली ओसरी. छत चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि १४१२ पर्यंत पुरे झाले. पंखाकृती दगडी छताच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक. येथे जादूच्या शाळेच्या प्रसिद्ध चित्रपटांचे चित्रीकरण झाल्याने मुलांचे लक्ष आधी तिकडे जाते. त्यांना थोपवू नये, पाच मिनिटे देऊन पुढे न्यावे.

दक्षिण ओसरीत खिडक्यांलगत २० छोटे कोनाडे आहेत. प्रत्येकात एक मठवासी बसून वाचायचा, लिहायचा. त्यांत दोन-तीन मुलांना आळीपाळीने बसवावे; उजेड कुठून येतो आणि हिवाळ्यात बोटांचे काय होत असेल, हे मग सांगावे लागत नाही. लिहिण्याचा प्रयोग मात्र येथे करू नये. ओकच्या झाडावरच्या गाठी, हिराकस आणि डिंक यांची ती जुनी शाई दगडावर आणि गणवेशावर पडली तर जात नाही. बोरू किंवा हंसाचे पीस आणि धुता येणारी शाई घेऊन हे काम शाळेच्या वर्गात करावे.

उत्तर ओसरीत हात धुण्याची जागा आहे. लांब दगडी हौदी, वर तिचे स्वतःचे लहान पंखाकृती छत, आणि समोरच्या भिंतीत पंचे ठेवायचा कोनाडा. जेवणघर लगतच उत्तरेला असल्याने ती नेमकी येथे आहे. आज त्या जेवणघराचे थोडेसे अवशेष उरले आहेत. संपूर्ण भेटीतील सर्वांत परिणामकारक जागा हीच. मुलांना रांगेत उभे करून, अजिबात न बोलता, फक्त खुणांनी ‘पाणी’, ‘पंचा’, ‘भाकरी’ मागायला लावावे. पाच मिनिटे पुरतात; दहा मिनिटे ताणले तर हसू फुटते आणि खेळ मोडतो.

याच ओसरीच्या दगडी बाकावर ओरखडून काढलेले खेळाचे पट आहेत. एकात एक तीन चौकोन आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. हा आपला नवकंकरीचाच पट. महाराष्ट्रातही लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या फरशांवर असे पट कोरलेले सापडतात. मठातील शिकाऊ मुलांनी ते काढले असे मानले जाते. रेघा फिकट आहेत, समोरून दिसत नाहीत. उजेड तिरका पडेल अशा बाजूने मुलांना उभे करावे. रेघांना हात लावू न देता कागदावर पट काढून घ्यावा. खेळायला प्रत्येकी नऊ सोंगट्या लागतात.

पूर्व ओसरीतून सभागृहात जाता येते. येथे रोज नियमावलीचे एक प्रकरण वाचले जाई, कामे वाटली जात, चुका कबूल केल्या जात. इंग्लंडभरच्या जमिनीच्या मोजदादीचा हुकूम विल्यम राजाने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरमध्येच दिला, हे येथे सांगावे.

चर्चमध्ये शिरल्यावर गायकवृंदाच्या लाकडी आसनांखालचे कोरीवकाम आधी दाखवावे. दीर्घ प्रार्थनेत उभ्याउभ्या टेकता यावे म्हणून आसन उचलल्यावर खाली छोटी फळी येते. तिच्याखालच्या एका चौदाव्या शतकातील कामात दोन मुले चेंडू खेळताना दिसतात. पूर्वेची प्रचंड खिडकी १३५० च्या सुमाराची आहे आणि तिच्यातल्या काचा दुसऱ्या महायुद्धात उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या. जवळच इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याची कबर आहे. १३२७ मध्ये बर्कली किल्ल्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मृत्यूच्या भयकथा लहान मुलांपुढे टाळाव्यात. त्या विश्वसनीयही नाहीत. ही कबर पाहायला यात्रेकरू येत आणि त्यांच्या दानामुळे मठाला बांधकामासाठी पैसा मिळाला, हे सांगणे जास्त उपयोगी आहे.

मुख्य दालनाचे दंडगोलाकार खांब सुमारे ९ मीटर उंच आहेत. मठाधिपती सर्लो १०७२ मध्ये आला, तेव्हा मठात दोन प्रौढ मठवासी आणि आठ मुले होती. १०८९ मध्ये त्याने या चर्चची पायाभरणी केली. एका खांबाभोवती हात धरून कडे करायला किती मुले लागतात, हे मोजून पाहावे. काही खांबांवर तांबूस छटा आहे. ती ११२२ च्या आगीची खूण मानतात. २८ ऑक्टोबर १२१६ रोजी तिसऱ्या हेन्रीचा राज्याभिषेक याच चर्चमध्ये झाला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. लंडन बंडखोर सरदारांच्या ताब्यात होते, म्हणून मुकुटाऐवजी साध्या कड्याने काम भागवले गेले. भेटीला येणारी मुले त्याच वयाची असतील तर त्यांचे प्रश्न थांबत नाहीत, म्हणून येथे वेळ राखून ठेवावा.

एका गटात १० ते १५ मुले असावीत. तीस जण एकदम ओसरीत शिरले, तर आवाज घुमतो आणि मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. पूर्ण भेटीला दोन तास धरावेत. दगडी ओसरी उन्हाळ्यातही गार असते. मुलांना मठवासीयांसारखे काळे झगे घालायला देणार असल्यास ते घोट्याच्या वर शिवावेत, नाहीतर पायऱ्यांवर मुले अडखळतात. दररोजच्या प्रार्थनेच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. ख्रिस्ती नसलेल्या घरांतील मुलांना, ब्रिटनमधील मराठी मुले त्यांत आलीच, आपण येथे पाहायला आणि शिकायला आलो आहोत, प्रार्थना करण्याची सक्ती नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.

राजा आठव्या हेन्रीने मठ ‘पाडला’ असे शिकवणे चूक आहे. जानेवारी १५४० मध्ये मठ राजाच्या स्वाधीन झाला, मठवासी पांगले. चर्च मात्र टिकले, पुढच्याच वर्षी कॅथेड्रल झाले आणि त्यासोबत १५४१ मध्ये स्थापन झालेली किंग्ज स्कूल ही शाळा आजही चालते. शाळेत परतल्यावर मुलांकडून आराखडा रंगवून घ्यावा: उरलेल्या जागा एका रंगात, नाहीशा झालेल्या दुसऱ्या रंगात. झोपण्याचे दालन आणि जेवणघर दुसऱ्या रंगात येतात, चौक, सभागृह आणि चर्च पहिल्या.