डिपेंडन्सी इंजेक्शन (डीआय) आलं, तरी रनटाइमला ऑब्जेक्ट निवडायचं काम उरलंच

नागपुरात जावाचा क्लास करून इंटरव्ह्यूला जाणारी पोरं स्प्रिंग (जावाचं एक फ्रेमवर्क) म्हणजे ऑटोवायर्ड (लागणारा ऑब्जेक्ट आपोआप जोडून घ्यायचं ॲनोटेशन, म्हणजे कोडवरची खूण) एवढं पाठ करून जातात, अन् ग्राहकानं यूपीआय निवडलं तर कोणता ऑब्जेक्ट वापरणार असं विचारलं की अडतात. डीआय म्हणजे क्लासला लागणारे ऑब्जेक्ट त्यानं स्वतः न बनवता बाहेरून पुरवणं; तरी पोरं काऊन अडतात ते समजायला थोडं मागं जावं लागते.

चालू प्रोग्राममध्ये क्लास निवडायची सोय जावात पहिल्यापासूनच आहे. क्लास.फॉरनेम 1996 च्या जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) 1.0 मधलं, प्रॉपर्टीज फाइलीत क्लासचं नाव लिहा आणि त्यावरून ऑब्जेक्ट बनवा, जेडीबीसीचे (जावातून डेटाबेसशी जोडायची सोय) ड्रायव्हर लोक कितीतरी वर्षं असेच लोड करायचे. फॅक्टरी (ऑब्जेक्ट बनवून देणारा) आणि स्ट्रॅटेजी (काम करायची पद्धत बदलू देणारा) पॅटर्न तर जावाच्याही आधी, 1994 च्या डिझाइन पॅटर्न्सच्या पुस्तकातले.

मग 1999 च्या शेवटी जे2ईई, म्हणजे सर्व्हरवरच्या मोठ्या ॲपसाठीचं जावा, आलं. तिथं सगळं जेएनडीआय नावाच्या यादीत नावानं शोधायचं, म्हणजे कामाचा कोड चार ओळी आणि लुकअप अन् एक्सेप्शनचाच पसारा, वरून सर्व्हर चालू केल्याशिवाय टेस्ट करणं अवघड. या वैतागातूनच रॉड जॉन्सन या प्रोग्रामरनं 2002 मध्ये आपल्या पुस्तकासोबत स्वतःचा फ्रेमवर्क कोड दिला, त्याचंच पुढं स्प्रिंग झालं, 1.0 मार्च 2004 मध्ये. त्याच जानेवारीत सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरच्या लेखानं डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव रुळलं.

पण मेख अशी की कंटेनर, म्हणजे फ्रेमवर्कचा ऑब्जेक्ट बनवून जोडणारा भाग, बहुतेक वायरिंग ॲप सुरू होतानाच करून मोकळा होतो. कोणती इम्प्लिमेंटेशन घ्यायची हे आधी एक्सएमएल फाइल ठरवायची, मग 2007 च्या गुईस (दुसरं डीआय फ्रेमवर्क) आणि स्प्रिंग 2.5 पासून ॲनोटेशन ठरवू लागले, स्प्रिंग 3.1 चे प्रोफाइलही (टेस्ट, प्रॉडक्शन अशा वातावरणानुसार बीन निवडायची सोय; बीन म्हणजे कंटेनरनं बनवलेला ऑब्जेक्ट) सुरुवातीलाच बघितले जातात. कळमन्याच्या व्यापाऱ्यासाठी संत्र्याच्या ऑर्डरचं ॲप बनवलं तर पैसे यूपीआयनं की रोख हे रिक्वेस्ट आल्यावरच कळते ना भाऊ, क्वालिफायरला (कोणती बीन घ्यायची ते सांगणारं ॲनोटेशन) ते आधी कुठून माहीत असणार!

2009 मध्ये जेएसआर 330 या जावाच्या डीआय मानकाचा प्रोव्हायडर आला, लागेल तेव्हा ऑब्जेक्ट मागायला, आणि सीडीआय या दुसऱ्या मानकाचं इन्स्टन्स तर सिलेक्टही करू देते. स्प्रिंगमध्ये मला सगळ्यात पटते ते मॅप: कन्स्ट्रक्टरमध्ये स्ट्रिंग ते पेमेंट असा मॅप मागा, स्प्रिंग बीनचं नाव ‘की’ म्हणून आणि बीन ‘व्हॅल्यू’ म्हणून असं स्वतःच भरून देते, मग रिक्वेस्टमध्ये आलेल्या नावानं मॅपमधून बीन काढा. काही लोक ॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट (स्प्रिंगचा कंटेनर) घेऊन जागोजागी गेटबीन (नावानं बीन मागायची मेथड) मारून राहिले, ते म्हणजे जेएनडीआयचंच लुकअप मागच्या दारानं आणणं झालं. मॅपमध्ये नाव नसलं तर नल, म्हणजे काहीच नाही, असं उत्तर येते, तेवढं तपासून आपली एरर द्या.