ई-चलान

वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने काढलेल्या दंडाला ई-चलान म्हणतात. मुंबईत ही पद्धत 2016 मध्ये आली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. चौकातला सीसीटीव्ही, महामार्गावरची स्पीड गन किंवा पोलिसाच्या हातातले यंत्र, दंड कुठूनही आला तरी गाडीच्या क्रमांकावर चढतो आणि मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो.

त्याआधी पावती फाडली जायची ती समोरासमोर. हवालदार गाडी बाजूला घ्यायला लावी, लायसन मागे. मग विनवण्या, ओळखी काढणे, कधी चिरीमिरी. एकाच सिग्नलवर एक जण दंड भरे, दुसरा हसत निघून जाई. कॅमेऱ्याला आमदाराचा भाचा ओळखू येत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण त्याला चालकही ओळखू येत नाही. तो नंबरप्लेट वाचतो. गाडी मेहुण्याने नेलेली असो, विकल्यावर नाव बदलायचे राहिलेले असो, की कुणी तोच क्रमांक भलत्या गाडीला लावलेला असो, चलान नोंदणीकृत मालकाच्याच नावावर. रुग्णवाहिकेला वाट देताना झेब्रा क्रॉसिंगवर गेलेली गाडी पोलिसाला कळते. फोटोत नुसती ओलांडलेली रेषा दिसते. शिवाय हवालदाराशी वाद तिथेच घालता येई. चलानाचा संदेश उशिरा आला, तर त्या दिवशी नेमके काय झाले हेही आठवत नाही.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने रस्त्यांवरच्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे कलम 136अ आले आणि 2021 मध्ये केंद्राने त्याचे नियम केले. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, कॅमेरा असल्याचा फलक चालकाला दिसला पाहिजे आणि गुन्ह्यापासून 15 दिवसांत नोटीस गेली पाहिजे, असे त्यांत होते. लोकांना यातले फारसे माहीत नसते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा चालू आहे. तिथे वाद होतो तो मुख्यतः घाटाचा, कारण वेगमर्यादा एकदम खाली येते आणि उतारावर भरलेली गाडी लगेच आवरत नाही.

खरी अडचण समोरचा हवालदार आणि कॅमेरा या दोहोंच्या मधल्या प्रकारात आहे: पोलिसाने मागून मोबाइलवर फोटो काढायचा आणि नंतर चलान टाकायचे. कुणाचा फोटो काढायचा हे माणूसच ठरवतो, पण बाजू मांडायला समोर कुणी नसते. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानविरुद्ध संप पुकारला. त्याच महिन्यात खासगी मोबाइलवर असे फोटो काढू नयेत, असा आदेश वाहतूक पोलिसांना देण्यात आला.